साताऱ्याची वाट

मागच्या मेळाव्यात व्यासपीठावरून बोलण्याची पाळी माझ्यावर आली होती. इतिहासाचा निवृत्त शिक्षक म्हटल्यावर लोक माइक पुढे करतातच. मीही मग आपले वसतिगृहाचे दिवस, कंदील, शाळेच्या मळ्यातली खुरपणी, सुट्टीतली मजुरी हे सगळे सांगितले आणि शेवटी म्हणालो की, मनात जिद्द असेल आणि स्वतःच्या हातावर भरवसा असेल तर परिस्थिती कोणाला अडवू शकत नाही. टाळ्या चांगल्या पडल्या. जेवणाच्या पंगतीत माझ्या शेजारी आपल्या वर्गातला एक जुना मित्र बसला होता. भाकरी मोडता मोडता तो म्हणाला, ‘‘भाषण झकास झालं, मर्दा. पर मग माझ्यात जिद्द नव्हती म्हनायची का?’’

तो हसतच बोलला. मला मात्र उत्तर सुचले नाही. १९७९ साली दहावीला बसलेल्या आपल्या तुकडीला तो कोण हे लगेच कळेल. नाव घालू नकोस असे त्याने बजावले आहे, म्हणून घालत नाही. नववीत दिवाळीच्या सुट्टीला तो घरी गेला आणि पुन्हा वर्गात आला नाही. त्याच्या प्रश्नाने मला बरेच दिवस छळले. शेवटी जी विद्या मला थोडीफार येते तिच्याकडे, म्हणजे इतिहासाकडे वळलो. स्मरणिकेच्या संपादकांनी लेख मागितला तेव्हा ठरवले, त्याला पंगतीत द्यायचे राहिलेले उत्तर इथे लिहावे.

आपल्या शाळेवरून जाणारा चिपळूण–कराड रस्ता आपण सगळ्यांनी तुडवला आहे. याच खोऱ्यातून दीडशे वर्षांपूर्वी, १८७५ च्या सप्टेंबरात, कोकणातली काही मुले भिजत, पाय ओढत साताऱ्याकडे गेली. त्यांत मुरूडचा धोंडो केशव कर्वे होता. पुढे अण्णासाहेब कर्वे, महर्षी कर्वे म्हणून ज्यांना सगळा देश ओळखू लागला ते हे. तेव्हा मात्र तो सतरा वर्षे पुरी झालेला, अंगाने किरकोळ, गरीब घरातला एक विद्यार्थी होता. त्याला मराठी सहावीच्या सरकारी परीक्षेला बसायचे होते. ती परीक्षा पास झाली की शाळामास्तरकी किंवा छोटी सरकारी नोकरी मिळण्याची सोय होई. घरच्या परिस्थितीत त्याहून मोठे स्वप्न परवडण्यासारखे नव्हते.

परीक्षा मुंबईला देता आली असती, पण हवा बिघडलेली, समुद्र खवळलेला आणि बोटी बंद. मग उरले साताऱ्याचे केंद्र. ते शंभर मैलांहून लांब, आणि हाताशी दिवस चार. मध्ये सह्याद्री. कुंभार्ली घाट आज एसटीने चढतानाही पावसाळ्यात पोटात गोळा येतो. त्या मुलांनी तो पाठीवर बोचके घेऊन, पावसात, पायी चढला. घाटमाथा आला की हेळवाक आणि तिथून कोयनेच्या काठाने खाली, म्हणजे आपल्याच अंगणातून. वर्गात हा भाग शिकवताना मी मुलांना खिडकीतून रस्ता दाखवत असे. तेवढे केले की पुढचा अर्धा तास वर्ग शांत बसे.

चार दिवस चालून ती मुले वेळेत साताऱ्याला पोचली. दुसऱ्या दिवशी धोंडो परीक्षेच्या ठिकाणी हजर झाला. नियम असा की उमेदवाराचे वय सतरा पूर्ण हवे. दाखला त्याच्याजवळ होता आणि दाखल्यावर वय बरोबर होते. पण परीक्षा समितीच्या प्रमुखांनी त्याच्याकडे नुसते पाहिले आणि हा मुलगा सतरा वर्षांचा असूच शकत नाही, असे म्हणून त्याला बसू दिले नाही. पाहून ठरवलेल्या वयावर अपील कुठे करणार? आला तसा तो परत गेला.

ही हकीगत कर्व्यांनी स्वतःच आपल्या ‘आत्मवृत्ता’त लिहून ठेवली आहे. आपण शाळांतून ती सांगतो तेव्हा बहुधा चालण्यापाशी थांबतो. केवढी ती जिद्द! कर्व्यांच्या जिद्दीबद्दल मला तीळभर शंका नाही. पण हकीगत नीट वाचली तर जिद्दीने त्यांना साताऱ्याच्या दारापर्यंत आणले, एवढेच तिथे घडले. आत घेणे न घेणे दुसऱ्या कोणाच्या हातात होते आणि त्या माणसाने नाही म्हटले.

पुढच्या वर्षी त्यांनी कोल्हापूरला तीच परीक्षा दिली आणि ते पास झाले. मग इंग्रजीचा ध्यास. रत्नागिरी, तिथून आजारपणामुळे माघार, मग मुंबई. तिथे शिकवण्या करून, पैसा पैसा मोजून ते १८८१ ला मॅट्रिक झाले आणि १८८४ ला बी.ए. स्वावलंबनाचा धडा म्हणून हे उदाहरण पाठ्यपुस्तकात शोभावे असेच आहे. पण मला त्यापुढची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. हाती थोडा पैसा येऊ लागल्यावर या माणसाने गावच्या कामासाठी ‘मुरूड फंड’ उभा केला. पुढे फर्ग्युसनमध्ये प्राध्यापक असताना १८९६ साली विधवांसाठी आश्रम काढला आणि तो हिंगण्याला गेल्यावर शहरातून तिथपर्यंत ते रोज पायपीट करत राहिले. मी चाललो, तुम्हीही चाला, असे त्यांनी त्या मुलींना सांगितले नाही. त्यांनी त्यांच्यासाठी छप्पर उभे केले, धान्य गोळा केले, वर्गणीसाठी दारोदार फिरले. बंद दारापुढे उभे राहण्याचा अर्थ त्यांना साताऱ्यातच कळला होता, असे मला वाटते. हा माझा अंदाज. इतिहासाच्या शिक्षकाने करू नये असा.

साताऱ्याची दुसरी वाट एका लहान मुलाची. १९०० सालच्या ७ नोव्हेंबरला साताऱ्याच्या राजवाड्यातल्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, इंग्रजी पहिलीच्या वर्गात भिवा रामजी आंबेडकर या नावाच्या मुलाची नोंद झाली. आता हा दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. तिथे बसायला त्याने स्वतःचे तरट घरून न्यायचे आणि घरी आणायचे. तहान लागली तर शिपायाने वरून पाणी ओतायचे. शिपाई नसेल त्या दिवशी पाणी नाही.

पुढच्या वर्षीच्या उन्हाळी सुट्टीतला प्रसंग बाबासाहेबांनी मोठेपणी लिहिला आहे. वडील खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर खजिनदार होते. त्यांना भेटायला चार मुले निघाली : भीमराव, मोठा भाऊ आणि बहिणीची दोन मुले. नवे कपडे, टोप्या, आगगाडीचा पहिला प्रवास. मसूर स्टेशनवर उतरली तर न्यायला कोणी नाही, कारण पत्र वडिलांच्या हाती पडलेच नव्हते. जात कळताच स्टेशनमास्तर मागे सरला. एकही गाडीवान त्यांना बसवून घेईना. शेवटी एकजण दुप्पट भाड्यावर तयार झाला, पण अट अशी की गाडी मुलांनीच हाकायची, तो शेजारून चालणार. नऊ-दहा वर्षांच्या पोरांनी अनोळखी रस्त्याने बैलगाडी हाकली. बरोबर जेवणाचा डबा होता, पण प्यायला पाणी कोणी दिले नाही, म्हणून जेवण तसेच राहिले आणि पोरे रात्रभर उपाशी झोपली.

स्वावलंबनाचा याहून कडक नमुना कुठे सापडेल? स्वतःची गाडी स्वतः हाकली! पण या प्रसंगाला कोणी स्वावलंबनाचा धडा म्हणाले तर माझ्या अंगावर काटा येतो. मुलांना गाडी हाकता आली हे त्यांचे. त्यांना ती हाकावी लागली हे आपले, मोठ्या माणसांचे. पुढे १९०७ ला मॅट्रिक झालेल्या त्या मुलाला केळुसकर गुरुजी भेटले, बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी कॉलेजसाठी महिना २५ रुपये दिले आणि १९१३ ला अमेरिकेला पाठवले. बुद्धी आणि दिवसाचे अठरा तास वाचण्याची ताकद त्याची स्वतःची होती. पण ते २५ रुपये नसते तर? बाबासाहेबांनी स्वतः हा उपकार कधी लपवला नाही. लपवतो आपण, व्यासपीठावर चढल्यावर.

आता तिसऱ्या वाटेकडे येतो. ती आपल्या जवळची.

कुंभोजचे भाऊराव पाटील, जन्म १८८७. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या काळात वसतिगृहात राहून शिकले, पण मॅट्रिक काही झाले नाहीत. कोल्हापुरात १९०१ पासून एकामागून एक वसतिगृहे उघडत होती आणि खेड्यांतली पोरे तिथे राहून शिकत होती. ते त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. पुढे साताऱ्यात त्यांनी शिकवण्या केल्या, ओगल्यांच्या काचकारखान्यासाठी आणि किर्लोस्करांच्या नांगरांसाठी गावोगाव फिरले. या फिरतीत त्यांना जे दिसले ते कोणत्याही अहवालात नव्हते. पोरे हुशार होती, राबणारी होती, पण शाळा तालुक्याच्या गावी आणि तिथे राहायला जागा नाही. ब्राह्मण मुलाला निदान वार लावून जेवता येई, माधुकरी मागता येई. कुणब्याच्या, महारा-मांगाच्या, रामोशाच्या पोराला वार कोण लावणार?

४ ऑक्टोबर १९१९ ला कराडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ ला साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. सगळ्या जातींची मुले एका छपराखाली राहत आणि एका पंगतीला जेवत. १९२७ च्या फेब्रुवारीत गांधीजींनी त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग असे नाव दिले. संस्थेचे ब्रीद स्वावलंबी शिक्षण. मुले स्वयंपाक करत, झाडलोट करत, शेतात राबत, विहिरी खणत. हे ब्रीद आपण नेहमी एकाच अंगाने वाचतो : मुलांनी कमवावे आणि शिकावे. पण ते कमवायला शेत कोणी दिले, खोरे कोणाचे, आणि पीक हाती येईपर्यंत पोटात घालायला भाकरी कुठून आली?

ती भाकरी लक्ष्मीबाईंच्या दागिन्यांतून आली. भाऊरावांच्या या पत्नीने वसतिगृहातल्या मुलांसाठी अंगावरचा एकेक दागिना मोडला. शेवटी मंगळसूत्रही गेले. १९३० साली त्या वारल्या. आणि भाकरी गावोगावच्या मुष्टिफंडातून आली. आजच्या मुलांना हा शब्द माहीत नसेल. घरातल्या बाईने दळण करताना एक मूठ धान्य बाजूच्या मडक्यात टाकायचे आणि साठले की वसतिगृहासाठी द्यायचे. मूठभर जोंधळा कमी झाला म्हणून कोणाचे घर बुडत नाही, पण गावातली सगळी मडकी एकत्र केली की पोते भरते. माझी आजी असे मडके ठेवायची. तिने शाळेची पायरी कधी पाहिली नाही. तिची मूठ कोणाच्या पोटात गेली हेही तिला ठाऊक नव्हते.

भाऊरावांनी मुलांना फुकट पोसले नाही, हेही तितकेच खरे. फुकट खाल्लेल्या अन्नाने मान खाली जाते हे त्यांना पक्के माहीत होते. १९४७ ला साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले तेव्हाही ‘कमवा आणि शिका’ हाच पाया होता. १९४८ नंतर सरकारने काही काळ अनुदान बंद केले, तरी संस्था मोडली नाही. अशा बोर्डिंगातून पी. जी. पाटलांसारखा मुलगा बॅरिस्टर झाला आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचा कुलगुरू. जिद्द त्या मुलांकडे आधीपासून होतीच. भाऊरावांनी ती निर्माण केली नाही, तिला राबायला जागा दिली. मला सापडलेले उत्तर एवढेच आहे.

आता आपल्या वसतिगृहाचे सांगतो, कारण त्याशिवाय माझ्या मित्राचे सांगता येणार नाही.

मी वरच्या वाडीतला. बापाची जमीन डोंगरउतारावर. नाचणी आणि वरी पिके, तीही पावसाच्या मर्जीवर. शाळेच्या वसतिगृहात मला ठेवला तेव्हा आईने दिलेले पोते नाचणीचे होते आणि ज्वारी आणणाऱ्या मुलांपुढे ते उघडायची मला लाज वाटली होती. सकाळी दोन तास मळ्यात काम. उन्हाळ्यात पाटाचे पाणी मिळायचे ते रात्री, म्हणून रात्री दारे धरायची. सुट्टीत रस्त्याच्या कामावर खडी फोडायची. हे सगळे मी भाषणात सांगितले होते. जे सांगितले नाही ते असे : दारे धरताना माझ्या जोडीला तोच असे आणि मी बांधावर बसून पेंगायचो तेव्हा वाफे तो भरायचा. गणितात तो माझ्या कितीतरी पुढे होता. त्याच्या वह्या पाहून मी बीजगणित शिकलो. पहाटे उठून अभ्यासाला बसायची सवय त्याची; मला तो लाथ घालून उठवायचा. जिद्द मोजायचा तराजू असता तर पारडे त्याच्या बाजूला झुकले असते.

त्याचे वडील मुंबईला मस्जिद बंदरला माथाडी होते. आपल्या भागातल्या घराघरातून एकजण तिकडे असतोच. १९७७ च्या दिवाळीच्या तोंडावर ते वारले. घरी आई आणि तीन धाकटी भावंडे. सुट्टी संपल्यावर तो आला नाही. आठ दिवसांनी कळले की चुलत्याबरोबर मुंबईला गेला, बापाच्या जागेवर टोळीत लागला. पंधरा वर्षांचे पोर आणि पाठीवर धान्याचे पोते.

शाळेने त्याला काढले नव्हते, वसतिगृहाने फीसाठी अडवले नव्हते. कोणी काही वाईट केले नाही. कोणी काहीच केले नाही, एवढेच. कोणी त्याच्या घरी गेले नाही. वर्षभर त्या घरात धान्य पोचले असते तर तो दहावीला बसला असता. एका गावाला हे जड नव्हते. मास्तरांनी नाही, गावाने नाही, आणि मीही नाही. त्याची वाडी माझ्या वाडीपासून चार मैलांवर होती आणि मी त्याच दिवाळीत तिच्याखालून दोनदा गेलो होतो. त्याची वह्यांची चळत माझ्या ट्रंकेत होती. ती मी दहावीपर्यंत वापरली.

मुंबईत त्याने रात्रशाळेत नाव घातले होते, हे मला परवा त्यानेच फोनवर सांगितले. दोन वर्षे गेला. दिवसभर ओझे उचलून रात्री बाकावर बसले की फळा दिसेनासा व्हायचा, म्हणाला. मग धाकटा भाऊ दहावीला आला आणि पैसे तिकडे लागले. तो भाऊ आज कराडला बँकेत आहे. बहिणींची लग्ने झाली, त्यांतली एक अंगणवाडी चालवते. हा टोळीचा मुकादम झाला आणि पोत्यांचे हिशेब तोंडी ठेवायचा; म्हणे कारकुनाचे कागद नंतर जुळायचे. मी त्याला कर्व्यांची हकीगत सांगितली, साताऱ्याहून परत फिरवल्याची. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, ‘‘परत जाताना घाट उतराय लागला असंल की. उतरताना गुडघं जास्त दुखत्यात.’’

पुस्तकांत हे वाक्य मला कुठे सापडले नव्हते.

या वर्षीच्या मेळाव्यात आपल्या तुकडीने जमवलेल्या रकमेचे काय करायचे, हा विषय सभेपुढे आहे. कमानीचा नकाशा मी पाहिला. दगडी काम छान आहे, वर ‘स्वावलंबन’ हा शब्द कोरायचा आहे. दुसरी सूचना अशी आली आहे की व्याजातून दरवर्षी वसतिगृहातल्या ज्या मुलामुलींच्या घरी अचानक काही घडले असेल, त्यांच्या घरी वर्षभराचा शिधा पोचवावा आणि कोणाला दिला हे फलकावर लिहू नये. वसतिगृहात मुले आजही आहेत, वरच्या वाड्यांतून आणि धनगरवाड्यांतून येतात. ही दुसरी सूचना माझी आहे, हे लपवत नाही. कमानवाल्यांशी माझे भांडण नाही. त्यांतले दोघे माझे जिवलग आहेत आणि सभेत ते मला सोडणार नाहीत.

सभा अकराला आहे. तो येणार आहे. त्याची गाडी सव्वादहाला फाट्यावर येते. या वेळी मी फाट्यावर जाऊन थांबणार आहे. त्याच्या वह्यांपैकी एक, बीजगणिताची, अजून माझ्याकडे आहे. ती बरोबर घेऊन जाईन.